जुनी होडी, नवा रस्ता



आजच्या गप्पांची सुरुवात एका कोड्याने करू या. समजा, तुम्ही संगणकावर एक जुनी फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली: एच, के, के, जे, आर. पहिलं अक्षर कॅपिटल, बाकीची चार लहान. ओळखा पाहू हा शब्द कोणता?

इंग्रजी शब्दकोश काढून बसू नका, तिथं सापडायचा नाही. कारण हा शब्द इंग्रजी नाहीच मुळी! तो आहे 'भारत'. अगदी आपला, देवनागरीतला 'भारत'. मग तो असा परक्या वेशात का आला? चोरी झाली नाही, फाइल बिघडली नाही, विषाणूही शिरला नाही. तरीपण वाचता येत नाही. आहे की नाही गंमत?

ही गंमत नीट समजून घ्यायची, तर आधी तिच्या थोरल्या बहिणीची ओळख करून घ्यावी लागेल. ती म्हणजे जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवण्याची खटपट.

नवा कारभारी

तुमच्या आईबाबांना विचारून पाहा, लहानपणी संगणकावर कोणता खेळ खेळायचात? बरेच जण हसून 'प्रिन्स' असं सांगतील. म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर यांनी हा खेळ १९८९ मध्ये तयार केला आणि पुढच्याच वर्षी तो डॉसवर आला. डॉस म्हणजे तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम. त्या खेळाची जुनी प्रत आजच्या विंडोज ११ वर नेऊन क्लिक केलंत, तर संगणक सरळ सांगेल, हे इथे चालायचं नाही!

असं का बरं? ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे वाड्यातला कारभारी समजा. प्रोग्रॅमला काही हवं असलं की तो कारभाऱ्याला सांगतो, 'ती फाइल आण, पडद्यावर रेघ ओढ, प्रिंटर सुरू कर.' कारभारी ते काम करून देतो. आता कारभारी बदलला. नव्याला जुन्या निरोपांची भाषाच येत नाही. त्यातून डॉसच्या काळातले पुष्कळ प्रोग्रॅम तर कारभाऱ्याला विचारतसुद्धा नसत. सरळ माजघरात शिरून पडद्याशी, कळफलकाशी स्वतःच बोलत. नवा कारभारी कडक आहे. असं परस्पर आत शिरणं तो चालवून घेत नाही. आणि ते बरंच आहे, कारण त्यामुळे एक प्रोग्रॅम बिघडला तर सगळा संगणक बंद पडत नाही.

दुसरं कारण गणिताचं आहे. वही काढा. संगणकाला दोनच अंक ठाऊक, ० आणि १. एका घरात दोनांपैकी एक अंक बसतो. दोन घरं असली तर ४ प्रकार, तीन असली तर ८. असं दुप्पट करत १६ घरांपर्यंत जा. उत्तर येईल ६५,५३६. डॉसचे जुने प्रोग्रॅम अशा १६ घरांच्या हिशेबाने लिहिलेले असत, म्हणून त्यांना १६ बिटी म्हणतात. पुढे ३२ बिटी आले. ३२ घरांचं उत्तर येतं ४,२९,४९,६७,२९६. आता ६४ बिटी संगणक आहेत. (ते उत्तर सुट्टीत काढा, वहीची अख्खी ओळ लागेल!) ६४ बिटी विंडोजमध्ये ३२ बिटी प्रोग्रॅम चालवायची सोय ठेवली आहे, पण १६ बिटींची काढून टाकली आहे. आणि २०२१ मध्ये आलेलं विंडोज ११ फक्त ६४ बिटींतच मिळतं.

यात एक गमतीचा घोटाळा होतो. विंडोज ९५ च्या काळातल्या काही सीडींमध्ये मुख्य प्रोग्रॅम ३२ बिटी असतो, पण तो संगणकात बसवून देणारा 'सेटअप' मात्र १६ बिटी! म्हणजे पाहुणा घरात राहायला लायक आहे, पण त्याला उंबरठाच ओलांडता येत नाही.

होडीसाठी हौद

आमचं डोलवी पेण तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाच्या बाजूला. जवळच धरमतरची खाडी आहे. एकेकाळी मुंबईची माणसं बोटीने धरमतरला उतरत आणि तिथून पुढे जात. आता सगळा राबता रस्त्याने. आता अशी कल्पना करा, की खाडीतली एक चांगली भक्कम होडी कुणी उचलून महामार्गावर आणून ठेवली. ती चालेल का? वीतभरही सरकणार नाही. मग होडी मोडकी आहे का? नाही. रस्ता वाईट आहे का? तसंही नाही. (खड्ड्यांचा विषय आज नको!) होडी पाण्यासाठी बांधली आणि खाली पाणी नाही, एवढंच.

मग उपाय काय? होडीला चाकं लावता येतील. पण त्यासाठी होडी कापावी लागेल, आणि ती बांधणारा सुतार आता भेटेलच असं नाही. दुसरा उपाय सोपा आहे. होडीभोवती हौद बांधायचा आणि त्यात पाणी भरायचं! होडीला वाटेल आपण खाडीतच आहोत.

संगणकात अगदी हेच करतात. 'डॉसबॉक्स' नावाचा एक प्रोग्रॅम आहे. तो २००२ मध्ये आला आणि फुकट मिळतो. तो नव्या संगणकात राहून जुन्या संगणकाचं सोंग घेतो. जुना पडदा, जुना आवाज, जुना वेग, सगळं हुबेहूब. वेगाचं महत्त्व तुमच्या लक्षात आलं का? १९८१ च्या आयबीएम पीसीचं घड्याळ सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके देई. ऐकायला भरमसाट वाटतं, पण आजचे संगणक सेकंदाला अब्जावधी ठोके देतात. जुने काही खेळ प्रोसेसरच्या वेगावरच चालत. ते वेगवान संगणकावर टाकले, की खेळाडू पडद्यावर दिसायच्या आत मरून जाई! डॉसबॉक्समध्ये हा वेग हवा तसा कमी करता येतो.

डॉसबॉक्स हा लहान हौद झाला. मोठा हौद हवा असेल तर 'व्हर्च्युअल मशीन'. म्हणजे संगणकाच्या पोटात आणखी एक संगणक. बाहेर विंडोज ११ आणि आत एका चौकटीत विंडोज ९८ किंवा एक्सपी सुखाने नांदतंय! लिनक्स वापरणाऱ्यांसाठी 'वाइन' आहे. त्याचं काम १९९३ पासून चालू आहे. ते सोंग घेत नाही, दुभाषाचं काम करतं. विंडोजच्या भाषेतला निरोप ऐकून तो लिनक्सच्या कारभाऱ्याला समजावून सांगतं.

आणि सगळ्यात सोपा उपाय, जो आधी करून पाहायचा. विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या चिन्हावर उंदराचं उजवं बटण दाबा, 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'कंपॅटिबिलिटी' निवडा. तिथे विंडोजला सांगता येतं, 'बाबा रे, या प्रोग्रॅमशी जुन्या विंडोजसारखा वाग.' पुष्कळ ३२ बिटी प्रोग्रॅम एवढ्यावर चालू लागतात. १६ बिटींना मात्र ही मात्रा चालत नाही. त्यांना हौदच लागतो.

शाळकरी मुलांची हरवलेली तबकडी

तुम्ही म्हणाल, खेळासाठी एवढी खटपट कशाला? नवे खेळ काय कमी आहेत? बरोबर आहे. पण आता एक खरी गोष्ट ऐका. हिच्यात खेळ नाही, पण शाळेतली मुलं आहेत.

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने देशातल्या जमिनी, माणसं, गुरंढोरं, गिरण्या यांची मोठी मोजदाद करवून घेतली. तिच्या ग्रंथाचं नाव 'डूम्सडे बुक'. १९८६ मध्ये त्याला ९०० वर्षं होणार, म्हणून बीबीसीने नवी मोजदाद करायचं ठरवलं. ती कुणी केली? शाळेतल्या मुलांनी! गावात दुकानं किती, लोक काय खातात, मुलं काय खेळतात, हे सगळं मुलांनी हिंडून लिहिलं. दहा लाखांहून जास्त माणसांचा हातभार लागला. मग ही माहिती, नकाशे आणि फोटो ताटलीएवढ्या लेसर तबकड्यांवर साठवले. त्या वाचायला बीबीसीचाच संगणक आणि खास यंत्र लागे.

हा बीबीसीचा संगणक आपल्यालाही परका नाही बरं का. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक योजना सुरू केली, तेव्हा आपल्या शाळांमध्ये आला तो याच घराण्यातला 'बीबीसी मायक्रो'.

पुढे काय झालं? पंधराएक वर्षांत ते संगणक आणि ती यंत्रं दुर्मीळ झाली. तबकड्या होत्या, पण वाचणार कशावर? आणि ९०० वर्षांपूर्वीचा मूळ ग्रंथ? तो चामड्याच्या पानांवर शाईने लिहिलेला आहे आणि अजूनही वाचता येतो! शेवटी इंग्लंडमधल्या लीड्स आणि अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठांच्या अभ्यासकांनी २००२ मध्ये त्या जुन्या संगणकाचं सोंग घेणारा प्रोग्रॅम तयार केला. म्हणजे हौदच बांधला. २०११ मध्ये मुलांनी लिहिलेली माहिती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली झाली. आणखी उशीर झाला असता, तर चालू स्थितीतलं यंत्र मिळणं आणखी अवघड झालं असतं.

आता आपलं कोडं

चला, परत 'भारत'कडे. तबकडीचं दुखणं इंग्लंडचं होतं. फाँटचं दुखणं मात्र आपल्याच घरातलं.

संगणक अक्षरं साठवत नाही, क्रमांक साठवतो. १९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' नावाची यादी ठरली. तिच्यात १२८ क्रमांक. इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं त्यात बसली. 'क', 'ख', 'ग'साठी जागा नव्हती. लहान 'डी'चा क्रमांक १००.

मग आपल्या लोकांनी एक युक्ती काढली. संगणकात १०० हाच क्रमांक राहू द्यायचा, पण फाँटमध्ये 'डी'चं चित्र काढून तिथे 'क'चं चित्र बसवायचं! 'कृतिदेव' फाँटमध्ये असंच आहे. कॅपिटल 'एच'च्या जागी अर्धा 'भ', 'के'च्या जागी काना, 'जे'च्या जागी 'र' आणि 'आर'च्या जागी 'त'. अर्ध्या 'भ'ला काना लावला की पूर्ण 'भ', पुढे आणखी एक काना, मग 'र', मग 'त'. झाला 'भारत'! पण फाँट काढून घेतला, की उघडे पडतात ते एच, के, के, जे, आर.

युक्ती नामी होती. तिच्या जोरावर मराठीतली कितीतरी पुस्तकं, मासिकं, लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिका छापल्या गेल्या. अडचण एकच. प्रत्येकाची चित्रं मांडायची तऱ्हा निराळी. 'श्रीलिपी'ची वेगळी, 'आकृती'ची वेगळी, सरकारी कचेऱ्यांत रुळलेल्या 'आयएसएम'ची वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येईना.

ही पंचाईत सुटावी म्हणून पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतही पुष्कळ काम झालं. तिथल्या 'जिस्ट' गटाने एक कार्ड बनवलं. ते संगणकाच्या पोटात खोचलं की डॉसवरसुद्धा भारतीय लिप्या दिसत. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे भारतीय लिप्यांचं मानक प्रसिद्ध केलं. पण पुढे संगणकातल्या खाचाच बदलल्या. जुनं कार्ड खोचायचं कुठे? त्याच १९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे स्वतःचे १२८ क्रमांक मिळाले. 'क'चा क्रमांक २३२५. आता तो 'डी'च्या घरात भाडेकरू नाही, स्वतःच्या घराचा मालक आहे! विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आतच आली. तिच्यातला 'मंगल' फाँट रेखाटला र. कृ. जोशी या आपल्या मराठी सुलेखनकाराने. तुमच्या आईच्या मोबाइलवर मराठी निरोप येतो, तो युनिकोडमुळेच.

पण युनिकोड येण्याआधी टाइप केलेल्या मजकुराचं काय? तो अजून जुन्या वेशातच आहे.

कागद आहे, वाचणारा नाही

आमच्या रायगडातल्या जुन्या घरांत कधी कधी ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतले कागद सापडतात. जमिनीचे, देण्याघेण्याचे. कागद शाबूत, शाईही ठसठशीत. पण घरात कुणाला वाचता येत नाही. पणजोबांना वाचता येत होतं, आजोबांना अर्धंमुर्धं, बाबांना मुळीच नाही. मग मोडी जाणणारा माणूस शोधत हिंडावं लागतं.

मोडी विसरायला दोन-तीन पिढ्या लागल्या. फाँट विसरायला दहा-पंधरा वर्षं पुरली! आज आपल्याला लक्षात ठेवायचं ते एवढंच: फाइल टिकली म्हणजे मजकूर टिकला असं नाही. तो वाचणाराही टिकावा लागतो.

आमच्याकडे आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. ही गाणी पुस्तकातून शिकलेली नाहीत, तोंडातून तोंडात आलेली आहेत. समजा, पंचवीस वर्षांपूर्वी कुणी हौसेने एखाद्या आजींसमोर बसून ती लिहून घेतली, संगणकावर टाइप केली आणि सीडीत ठेवली. आज त्या आजी नाहीत. सीडी आहे, पण उघडली तर एच, के, के, जे, आर! खेळ बंद पडला तर दुसरा मिळतो हो. हे दुसरं कुठून आणणार? शाळेची स्मरणिका, गावाचा इतिहास, कुणाच्या आजोबांनी लिहिलेल्या आठवणी, सगळ्यांची हीच गत.

करायचं काय?

घाबरायचं कारण नाही. मजकूर हरवलेला नाही, फक्त वेशांतर करून बसला आहे. मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि या पायऱ्यांनी जा.

१. आधी प्रत काढा. फ्लॉपी किंवा सीडी असेल तर तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्या. मूळ वस्तू बाजूला ठेवा. जे प्रयोग करायचे ते प्रतीवर. फ्लॉपी वाचण्यासाठी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो.

२. फाँटचं नाव शोधा. फाइल वर्डमध्ये उघडा, मजकूर निवडा आणि वरच्या पट्टीत फाँटचं नाव वाचा. फाँट संगणकात नसला तरी नाव बहुधा दिसतं. ते वहीत लिहून ठेवा. हीच गुप्त लिपीची किल्ली!

३. जुना संगणक असेल तर लगेच भंगारात देऊ नका. आधी विचारा, याच्यात काय आहे? काही महाग प्रोग्रॅमांबरोबर 'डाँगल' नावाचं बोटभर कुलूप येई. ते मागे खोचल्याशिवाय प्रोग्रॅम उघडतच नसे. असं काही दिसलं तर जपून ठेवा. चालू असलेल्या जुन्या संगणकावरून कागदावर छापून घेतलं तरी अर्धी लढाई जिंकली.

४. युनिकोडमध्ये बदला. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम असतात. आपल्या फाँटचाच निवडायचा. नुसती पीडीएफ करून थांबू नका. तिच्यात अक्षरं दिसतात छान, पण आतले क्रमांक जुनेच राहतात. शब्द शोधायला जाल तर सापडणार नाही.

५. डोळ्यांत तेल घालून तपासा. इथे तुमचं खरं काम. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. 'शिक्षक' शब्दात बदलताना वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसू शकते. रफाराचंही तसंच. 'धर्म' शब्दात जुन्या फाँटचा रफार 'म'नंतर येई. युनिकोडमध्ये 'र' उच्चाराप्रमाणे 'म'च्या आधी. म्हणून एकाने छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचं. दोघांची जोडी लागते. शुद्धलेखनाचा सराव होतो तो वेगळाच!

६. एक सावधगिरी. जुनी विंडोज चालवायची असेल तर त्या संगणकाला इंटरनेट जोडू नका. एक्सपीची कंपनीकडून होणारी दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला. दुरुस्ती नसलेलं घर म्हणजे कडी नसलेलं दार. आणि जुना प्रोग्रॅम आहे म्हणून भलत्या ठिकाणाहून उतरवूनही घेऊ नका.

पालकांना एक सांगणं. दिवाळीच्या साफसफाईत जुन्या सीडींचा गठ्ठा निघाला तर तो फेकण्याआधी एक दुपार मुलांबरोबर बसा. कोणती सीडी कशाची, हे तुम्हालाच आठवेल. मुलांना आठवायचं कारण नाही.

या आठवड्याचा उद्योग

घरात, शेजारी किंवा शाळेत एखादी जुनी मराठी फाइल शोधा. वहीत चार रकाने आखा: कशावर आहे, कोणत्या साली केली, कोणता फाँट, आत काय आहे. शेवटचा रकाना भरता आला नाही, तर तिथे प्रश्नचिन्ह काढा आणि ती फाइल ज्यांनी केली त्यांना जाऊन विचारा. ते भेटतील तोवर विचारून घ्या, बरं का. मग त्यांच्यासमोर बसून निदान एक पान युनिकोडमध्ये आणा आणि त्यांनाच मोठ्याने वाचून दाखवा.